ट्रंकेतलं कापड आणि आपला गणवेश

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा आठवणी लिहायच्या नाहीत एवढं मी ठरवलं. सरांची छडी, बाईंची माया, मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं हे सगळं इतर जण माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहिणार आहे ते आपल्या अंगावरच्या कपड्यांबद्दल, आणि जमेल तेवढा त्यांचा इतिहास.

मार्च 1996 च्या दहावीच्या बॅचचा फोटो बहुतेकांकडे आहे. मोबाइलवर मोठा करून बघा. गणवेश पांढरा आणि निळा, पण पांढऱ्यात निदान चार पांढरे आहेत. कुणाचा पॉपलिनचा, नीळ जरा जास्तच झालेला. कुणाचा टेरिकॉटचा, चमकणारा. मागच्या रांगेतल्या एकाचा शर्ट तर आजोबांच्या धोतराचा, हे त्यानेच परवा सांगितलं. मुलींच्या स्कर्टच्या खालच्या बाजूला गडद पट्टा दिसतो, ती फॅशन नव्हे. आदल्या वर्षी दुमडलेली घडी उसवून स्कर्ट लांब केला की आतलं न विटलेलं कापड बाहेर येतं, तो पट्टा. गणवेश कोण शिवायचं, असं मी ग्रुपवर विचारलं. निम्म्याहून जास्त उत्तरं आई, आजी, काकू, मोठी ताई अशी आली. एका वर्गाचा गणवेश इतक्या घरांत, इतक्या वेगवेगळ्या कापडांतून तयार होत होता, आणि आपल्याला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं.

खामगावच्या पोरांना कापूस समजावून सांगायला नको. शाळेच्या वाटेवर जिनिंगच्या फाटकासमोर लागलेल्या गाड्यांच्या रांगा आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेले कापसाचे पुंजके आपण रोज बघितले. एकाधिकार कापूस खरेदी योजना 1972 ची, म्हणजे आपल्याला कळायला लागलं तेव्हापासून कापूस सरकारच घेत होतं. पण त्याच्या आणखी शंभर-दीडशे वर्षं मागे जायला हवं. जुन्या गॅझेटियरमध्ये खामगावच्या कापूस व्यापाराची सुरुवात 1820 च्या सुमाराची दिली आहे. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला एकदम मागणी आली. लिव्हरपूलच्या बाजारात त्याला ‘ऊमरा’ म्हणत, अमरावतीच्या जुन्या नावावरून. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा रेल्वेफाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जलंबला गाडी बदलताना आपण त्या फाट्याला इतक्या शिव्या घातल्या आहेत की तो व्हाइसरॉयच्या हस्ते सुरू झाला हे कुणाला खरं वाटणार नाही.

आठ मैलांच्या रुळांसाठी एवढा मोठा माणूस का आला, याचं उत्तर त्या काळच्या कापूस आयुक्ताने लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याची अपेक्षा थोडक्यात अशी होती: या भागात रेल्वे आली की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग इथेच सूत कातण्यात खपणारा कापूसही निर्यातीला मिळेल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीसाठी मोकळी होतील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. एखाद्या प्रकल्पाच्या कागदावर उद्दिष्ट लिहावं तसं ते लिहिलेलं आहे. आणि कातणारी माणसं म्हणजे बहुतेक बायका. चरखा गेला तशी त्यांची घरबसल्या होणारी चार पैशांची कमाई गेली. कापूस पिकवणाऱ्या गावात कापड ही विकत आणायची वस्तू झाली. घरात राहिली सुई.

विकत आणलेल्या कापडाचा शेवटचा धागासुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त त्यातूनच आली असं माझं मत आहे. काटकसर आधीही असणार, पण ज्याला पैसे मोजावे लागतात त्याची काटकसर वेगळी असते.

एका नऊवारी लुगड्याचा प्रवास बघा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. नेसून नेसून ते बसायच्या जागी विरायचं, काठ आणि पदर मात्र शाबूत. मग विरलेला भाग कापून दोन चांगली टोकं जोडायची. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं बाहेर नेसायचं नाही, घरात चालतं. तेही विटलं की त्यातून मुलींचे परकर, उरलेल्यातून पोलकी, काठांच्या नाड्या. त्याच्या पुढचा मुक्काम बाळंतिणीच्या खोलीत: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट. नवं कापड बाळाला बोचतं, म्हणून शंभरदा धुतलेलं लुगडंच हवं. शेजारणी त्यासाठी जुनी लुगडी मागायला यायच्या आणि ते मागणं कमीपणाचं नसे. मग वाकळ. माझी आजी ‘वाकय’ म्हणायची. उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर चार पदर एकावर एक अंथरून कडेकडेने आत येणारा धावदोरा घालत दोन-तीन बायका ती पावसाळ्याआधी पुरी करायच्या. वाकळीचाही जीव संपला की पोतेरं, आणि एखादी धड चिंधी निघालीच तर पिळून काकडा. एका लुगड्याचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं सहज व्हायचं, म्हणजे ते नेसणाऱ्या बाईची मुलगी बाळंत होईपर्यंत.

मेहकर-लोणारकडच्या मैत्रिणी म्हणतील की आमच्याकडचं राहिलं. बरोबर आहे. तिकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या फेटिया आणि कांचळीवर आरसे, कवड्या आणि रंगीत तुकडे यांची जी कारागिरी असते, तिच्यापुढे आमचा धावदोरा म्हणजे पहिलीचा गिरवणीचा धडा. तुकडा लपवायचा नाही, मिरवायचा, ही त्यांची रीत. आमच्याकडे ठिगळ आतून लावत.

जगात हे सगळीकडेच होतं. 1930 च्या मंदीत अमेरिकेतल्या शेतकरी बायका पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांतून मुलांचे कपडे शिवायच्या. हे लक्षात आल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला घेतली, कारण पीठ कोणतं घ्यायचं हे आता छाप बघून ठरू लागलं. आपल्याकडे मैद्याच्या पिशवीच्या चड्ड्या आणि उशांचे अभ्रे झाले, पण पिशवीवर फुलं काही कुणी छापली नाहीत. गिरणीचं नाव धुऊन जाईपर्यंत ते मिरवत फिरायचं.

शिलाई मशीन नंतर आली. त्याआधी शिवायचं काम शिंप्याचं. नामदेव महाराजांचा समाज तो, गावोगाव त्यांची घरं. बायकांची चोळी मात्र बरेचदा घरीच हाताने शिवलेली असे. सिंगर कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत मुंबईहून हिंदुस्थानात विक्री वाढवली, आणि हप्त्याने मशीन देण्याची तिची पद्धत जगभर गाजलेली. 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ बनवायला घेतली. हळूहळू मशीन शिंप्याच्या दुकानातून मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आली. लग्नात मुलीला मशीन देणं ही पुढे रीतच पडली. बाकी सगळं सासरचं होतं, मशीन मात्र तिची असते. ती चालवून आलेले चार पैसेही बहुतेक घरांत तिचेच राहत.

आमच्याकडची मशीन हाताने फिरवायची, लाकडी घुमटाकार झाकणाची. आजी ती ‘मिशीन’ म्हणायची आणि कात्रीला ‘कैची’. “पोरी, आधी मोजून घे, मंग कैची लाव,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही एखादा बदल लाइव्ह सर्व्हरवर टाकण्याआधी ते मला ऐकू येतं.

आजीच्या बोलण्यात आणखी एक शब्द नेहमी यायचा, ‘कंट्रोल’. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासं झालं. गिरण्यांचा बराच माल फौजेसाठी जायचा, उरलेला साठेबाजांकडे. 1943 मध्ये सरकारने कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. स्वातंत्र्यानंतर जानेवारी 1948 मध्ये नियंत्रण उठवलं, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावं लागलं. पुढे 1960 च्या दशकात स्वस्त जाडंभरडं कापड गिरण्यांनी ठरावीक प्रमाणात बनवायचं अशी योजना आली, त्यालाही लोक कंट्रोलचं कापडच म्हणत. युद्धाच्या दिवसांत संसार मांडलेल्या बायका पुढे आयुष्यभर तुकडे साठवत राहिल्या. घरात कपाट भरून कापड असलं तरी त्यांचा हात ट्रंकेकडे जायचा. ते आपल्या आयांनी उचललं, आणि सुना-मुलींनी त्यावर हसून घेतलं.

ही ट्रंक म्हणजे या लेखाचा खरा विषय आहे. पत्र्याची, हिरवी किंवा काळी, खाटेखाली सरकवलेली. तिच्यात काय असायचं? कटपीसच्या दुकानातून आणलेले पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे, शर्ट शिवून उरलेली पट्टी, फाटलेल्या शर्टाची काढून ठेवलेली बटणं, आणि सगळ्यांत जास्त काय तर ओटीत आलेले ब्लाऊजपीस. हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, लग्नातलं मानपान: प्रत्येक वेळी एक तुकडा यायचा आणि एक जायचा. आपण दिलेला ब्लाऊजपीस चार घरं फिरून दोन वर्षांनी आपल्याच ओटीत येणं हा विनोद तुमच्याही घरात झाला असेल. आई तर काही तुकड्यांच्या कोपऱ्यात पेनाने बारीक खूण करून ठेवायची, कुणाकडून आला ते कळावं म्हणून. मी पुढे याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. तो सगळा बायकांचा व्यवहार होता. पुरुषाला विचारावं न लागता बाई जे देऊ-घेऊ शकत होती, त्यात ते ऐंशी सेंटिमीटर कापड होतं. त्यातले चांगले तुकडे ती फिरवायची नाही, ठेवून घ्यायची. कधी दोन एकसारखे जमले की धाकटीचा फ्रॉक, तीन जमले की दिवाणाची चादर.

आणि ऐंशी सेंटिमीटरमध्ये ब्लाऊज बसवणं सोपं नाही. कापडाचा पन्हा छत्तीस इंची असला तर पाठ, दोन पुढे, दोन बाह्या, गळ्याची पट्टी, हुकांची पट्टी हे सगळं त्यात मांडायचं, उभ्या धाग्याची दिशा सांभाळून. बाही कमी पडली तर बगलेत तुकडा जोडायचा, तो हात खाली असताना दिसत नाही. ठरावीक मापाच्या मालातून कमीत कमी वाया घालवून तुकडे कसे कापायचे, या प्रश्नावर लिओनिद कांतोरोविच या रशियन गणितज्ञाने 1939 मध्ये काम केलं. प्लायवूडच्या कारखान्याच्या अडचणीतून त्याचा हा अभ्यास सुरू झाला होता. 1961 मध्ये आयबीएमच्या गिलमोर आणि गोमोरी यांनी त्यासाठी संगणकावर चालणारी पद्धत दिली. कांतोरोविचला पुढे 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा विषय आला तेव्हा वर्गात बहुतेकांना तो जड गेला. मला चित्र लगेच दिसलं, कारण जमिनीवर पसरलेलं कापड आणि त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे सरकवत बसलेली आजी मी शंभर वेळा बघितली होती. तिचं उत्तर दर वेळी सर्वोत्तम असेल असा माझा दावा नाही. चहा थंड व्हायच्या आत ते निघायचं, हे मात्र नक्की.

शाळेचा यात वाटा किती? आपला प्रांत तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथून पुढे आला. त्यातून आपल्या आजी-आजोबांच्या पिढीच्या शाळांमध्ये टकळी शिरली. सत्तर वर्षांपूर्वी रेल्वेने ज्या घरांतून सूतकताई उठवली होती, तिथल्या मुलांना ती आता मास्तर शिकवत होते. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभवाची शिफारस केली आणि आपल्या वेळापत्रकात शनिवारी शेवटचे दोन तास आले. मुलींना शिवण, मुलांना बागकाम नाहीतर विजेची जोडणी. मुलग्यांना सुई धरायला का दिली नाही आणि आम्हाला टेस्टर का नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आज विचारते, बाई-सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

शिवणाच्या बाई मात्र अव्वल होत्या. धावदोरा, टीप, उलटी टीप, हेम, काजटाका, साखळी टाका: प्रत्येकाचा नमुना वहीत चिकटवायचा, आणि तो घरच्या चिंधीवरच. नवं कापड आणलं तर बाई परत पाठवायच्या. त्यामागे पैशांचा विचार होता, हे मला फार उशिरा कळलं. नवं कापड चालतं असं ठरलं असतं तर ज्या चार-पाच जणींना ते परवडत नव्हतं त्या लगेच उघड्या पडल्या असत्या. चिंध्या सगळ्यांकडे सारख्याच होत्या.

ही साखळी तुटली ती माझ्या मते रेडिमेडमुळे नंतर, आधी टेरिकॉटमुळे. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड 1970 च्या दशकात घरोघर आलं. इस्त्री नको, लवकर वाळतं, विटत नाही. आयांचे किती कष्ट वाचले. जून 1985 च्या नव्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांवरची बंधनं आणि कर सैल केले आणि ते आणखी स्वस्त झालं. त्याआधी जानेवारी 1982 पासूनच्या गिरणी संपात मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत, आणि बाजारात भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांचा माल वाढला. पण टेरिकॉट विरत नाही. मऊ पडत नाही, घाम शोषत नाही. त्याचं झबलं बाळाला घालवत नाही, दुपटं ओलं टिपत नाही. टेरिकॉटची वाकळ बुलढाण्याच्या मे महिन्यात अंगाला चिकटते आणि जानेवारीत गार लागते, शिवाय थर एकमेकांवरून घसरतात. म्हणजे लुगड्याला जी पाच-सहा आयुष्यं होती, तिथे या साडीला एकच. नेसून कंटाळा आला की बोहारणीला द्यायची आणि पातेलं घ्यायचं. जुनं कापड पुढे कशाचंच होत नाही म्हटल्यावर ते साठवण्यात अर्थ राहिला नाही, आणि जुन्यावर हात बसल्याशिवाय नव्याला कात्री लावायची हिंमत मुलींना कुठून येणार? रेडिमेडचा गणवेश हँगरवर टांगून दुकानात आला तेव्हा घरातली अर्धी मशीन आधीच थांबलेली होती.

आपल्यानंतर सात-आठ वर्षांच्या बॅचचे फोटो शाळेत लावले आहेत. तिथे पांढरा एकच आहे.

घरच्या शिलाईची किंमत काय, हा प्रश्न अलीकडे सरकारी कागदावर आला होता. 2024-25 मध्ये राज्याने सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. स्काउट-गाइडच्या गणवेशाचं कापड शाळांना मिळणार आणि ते गावातच शिवून घ्यायचं. शिलाई प्रत्येक गणवेशामागे 100 रुपये, वरखर्चाला 10. एवढ्यात शिवायला कुणी तयार होईना, अशा बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या, आणि त्याच डिसेंबरात गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचं ठरलं. गळा, कॉलर, खिसा, सहा काजं आणि हेम धरून शर्टाला तीन-चार तास लागतात, तेही हात बसलेल्या बाईला. आपल्या आयांनी हे तास कधी मोजले नाहीत, म्हणून हिशेब करणाऱ्यालाही ते दिसले नसावेत.

मागच्या दिवाळीत मी आईची ट्रंक उपसली आणि सगळ्याची यादी केली, स्प्रेडशीटमध्ये, सवय जात नाही. टू बाय टू रुबिया सगळ्यांत जास्त. टू बाय टू म्हणजे उभं आणि आडवं दोन्ही सूत दुहेरी पिळाचं, म्हणून ते चुरगळत नाही आणि ब्लाऊजला बसतं, हे आईने सांगितलं. खाली खटाव, फिनले, मफतलाल या गिरण्यांचे शिक्के किनारीवर छापलेले तुकडे निघाले. तळाशी पांढऱ्या पॉपलिनचा दीड मीटर, किनारीवर नागपूरच्या एम्प्रेस मिलचं नाव. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली ही गिरणी 2002 मध्ये बंद झाली. आपल्याच वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या जोरावर ती उभी राहिली होती. तो तुकडा आईने कुणाच्या शर्टासाठी ठेवला होता हे तिला आठवत नाही.

किनारीवरच्या या शिक्क्यांवरून कापडाचा काळ बऱ्यापैकी लावता येतो, आणि ते जमवायला मी सुरुवात केली आहे. तुमच्या घरी ट्रंकेत असे तुकडे असतील, गोधडीत शिवले गेलेले असतील तरी चालेल, तर मेळाव्याला येताना घेऊन या. फोटो काढून लगेच परत देईन. फक्त आणण्याआधी धुऊ नका, शिक्का जातो.